गोलातलं टिंब

१२ फेब्रुवारी, बुधवार

सगळ्यात आधी टपकली ते कौतिकाबाई. ही माझ्या पोरीची, शामलाची नणंद, विक्कीची आत्या. आजाऱ्याले पाहाले यावं तं दोन संत्री तरी आणावी, ही रिकाम्या हातानं आली अन् चहात साखर कमी आहे म्हणाली. तिच्या मागून खालच्या माळ्यावरची मास्तरीण. मंग विक्कीचे दोन दोस्त, तोंडात तंबाखूचा खर्रा कोंबलेले. बोलता येईना म्हणून नुसती मान हलवून राहिले. तसं घर भरलं का मले बरं वाटते. पण आज डोकं पिकलं.

झालं असं का विक्की, माझा नातू, बिजलीच्या फिटिंगचं काम करते. सोमवारी बेस्याच्या एका नव्या फ्लॅटमधे त्यानं लाल तारेच्या जागी हिरवी जोडली. भडकन् उडालं सगळं. आठ वर्षांपासून हेच काम करून राहिला, झोपेतही तार चुकायची नाही त्याची. म्हणे, "आजी, उजव्या डोळ्यात कचरा गेला होता, डाव्यानं दोन्ही तारा मले सारख्याच मातकट दिसल्या." डाव्या डोळ्यानं माणसाकडे पाहिलं तं मधातलं तोंडच दिसत नाही, कान दिसतात म्हणते. दुखत नाही, खाजवत नाही. असा कसा डोळा जाते बाप्पा?

जाताना कौतिकाबाईनं मले मोरीपाशी ओढलं. "लग्नाले दीड महिना नाही झाला अन् पोराचा डोळा गेला. नव्या सुनेचा पायगुण पाहा जरा, सिंधूताई. भिवापूरले पाठवून द्या तिले माहेरी." कानात म्हणाली, पण तिचं कानातलं बोलणं जरीपटक्यापर्यंत ऐकू जाते. रोशनी, आमची नवी सून, तिथंच कुकर घासून राहिली होती. तिनं ऐकलं नसंल. नळ चालू होता.

मी कौतिकाबाईले काहीच म्हटलं नाही. काहून नाही म्हटलं ते लिहाले बसली तं आता चष्मा सापडून नाही राहिला.

ही डायरी वैभवीनं देली. वैभवी विक्कीची मोठी बहीण, प्रयोगशाळेत असते. "दुपारी टीव्हीशी भांडण्यापेक्षा यात भांड," म्हणे. चौथी शिकलेल्या बाईले एवढी जाड डायरी! वर औषध कंपनीचं चित्र आहे, लिव्हरचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डोळ्याच्या दवाखान्यात चार तास गेले. डोळ्यात थेंब टाका, बसा. मशीनपुढे हनुवटी ठेवा, बसा. मी घरून पाटोड्या नेल्या होत्या म्हणून जगलो आम्ही. तिथल्या सिस्टरनंही दोन खाल्ल्या अन् विचारलं, बेसन जाड का बारीक.

डॉक्टर तरणा होता. त्यानं विचारलं, "आईच्या बाजूनं कोणाचे डोळे तरुणपणी गेले होते का? मामा, आजीचा भाऊ?"

शामलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही."

भैय्याजीचे गेले होते. माझा मोठा भाऊ. पण त्याचं कारण वेगळं होतं, ती काही बिमारी नव्हती. दवाखान्यात काय ते सांगाचं?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरनं तंबाखू बंद सांगितली तरी विक्कीनं आज पुन्हा खर्रा आणला. पन्नीत घोटून राहिला होता. मी हातातून घेऊन फेकला. म्हणे, "आजी, डोळा डाव्या बाजूचा गेला, खर्रा उजव्या गालात ठेवतो." याले काय म्हणावं? हसू येते अन् मंग हसल्याचा राग येते.

अन् रोशनीचं नवीनच. घरात मोजे घालून फिरून राहिली. फेब्रुवारीत ऊन असं का फरशी चटके देते, अन् हिचे जाड मोजे. मी म्हटलं, "काय वं, पायाले काही झालं का?" म्हणे, "नाही आजी, थंडी वाजते." आजकालच्या पोरींचं काही समजत नाही. पोरगी साजरी आहे पण. वांगे-भात केला होता, एकदम माझ्या मायच्या हातचा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज मोठं भांडण झालं. माझ्याशी. मले आजवर या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही.

वैभवी सकाळीच आली. डॉक्टरच्या कागदावर बिमारीचं नाव वाचून मटकन् बसली. म्हणे, "आई, ही तर आईकडूनच येते. कोणालाच काही नव्हतं? नक्की?"

शामला म्हणाली, "भैय्याजी मामा आंधळे होते, पण..."

"होते?" वैभवी ओरडलीच. "म्हातारपणी ना?"

"चोविसाव्या वर्षी," शामला म्हणाली.

"मग डॉक्टरला नाही काहून सांगितलं?"

मी म्हटलं, "अंजनाबाईच्या पायगुणानं गेले ते. लग्न झालं अन् दोन महिन्यांत गेले. सगळ्या नात्यागोत्याले माहीत आहे."

ती पोट्टी माझ्याकडे अशी पाहून राहिली का मीच दाराच्या पाटीवर दुसऱ्याचं नाव लिहून ठेवलं आहे. मंग हळू म्हणाली, "आजी, मी चार वर्षांपासून दुसऱ्यांच्या पेशी मोजून राहिली. रविवारी, दिवाळीत. आणि आपल्याच घरातला आंधळा माणूस मले कोणी सांगितला नाही, कारण तुम्ही त्याच्या बिमारीला एका बाईचं नाव दिलं. तंबाखूनं ही बिमारी भडकते. आम्हाला माहीत असतं तर विक्कीला तंबाखू लावू दिली असती का मी?"

विक्की म्हणाला, "सोडला असता का पण मी?" त्याले कोणी हसलं नाही.

मंग तिनं कागद काढला. आमच्या खानदानाचं झाड. चौकोन म्हणजे बापे, गोल म्हणजे बाया. मायचा भाऊ आठवला, मनसरच्या खाणीत होता, तिशीत काठी आली. खाणीच्या धुरानं डोळे गेले म्हणत. तो चौकोन काळा केला. भैय्याजी काळा. मायच्या बहिणीचा पोरगा, त्याचे दारूनं गेले म्हणत, काळा. विक्कीचा अर्धा काळा. सगळे काळे चौकोनच. वरून खाली गोलागोलांतून रेघ आली अन् मी मधात बसली होती, कोरी.

छप्पन्न साली मी तीन वर्षांची, बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेले गेली होती. पायगुण, नजर, अवदसा, यातलं काही मानाचं नाही, असं बाप मरेपर्यंत सांगत गेला. अन् अंजनाबाईले पांढऱ्या पायाची पहिल्यांदा कोण म्हणालं? बाप तेव्हा नव्हता. माय नाही म्हणाली. मीच म्हटलं. नणंद होती मी. मायनं फक्त तिले माहेरी धाडाले ट्रंक भरली.

हे लिहिलं खरं. आता डायरी कुठं ठेवू?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डायरी तांदळाच्या डब्यात ठेवली.

वैभवीचा राग उतरला. आज समजावून सांगाले बसली. पहिल्यांदा इंग्रजीत बोलली, मंग इंग्रजीसारख्या मराठीत. मी म्हटलं, "आता माझ्या घरचं सांग."

तं अंगातल्या प्रत्येक पेशीत बारक्या बारक्या चुली असतात. मायटोकॉन्ड्रिया. (हे तिनं लिहून देलं, मी पाहून काढलं.) या चुली बापाकडून येत नाहीत, मायकडूनच येतात. आमच्या चुलीत जुना बिघाड आहे. जळते, पण आच कमी अन् धूर जास्त. डोळ्यामागच्या नसेले आच खूप लागते, म्हणून ती आधी थकते.

मी म्हटलं, "मंग माझे डोळे काहून शाबूत? शामलाचे काहून? चुली तं त्याच."

तिचा चेहरा असा खुलला! म्हणे, "आजी, हाच तर माझा विषय." बायांच्या रक्तात इस्ट्रोजेन नावाचा रस असते. पेशीत त्याच्यासाठी खुर्ची ठेवली असते, रिसेप्टर. रस येऊन खुर्चीत बसला का हुकूम सुटतात. धूर काढा, नव्या चुली मांडा.

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या बचत गटासारखं. अध्यक्षीण खुर्चीत बसत नाही तोपर्यंत बाया शेंगा खात राहतात."

"तसंच! मी काय करतो, थाळीतल्या पेशींना मुद्दाम त्रास देतो. मग रस घालतो आणि मोजतो, किती जगल्या. नंतर त्या खुर्चीत दुसरंच औषध बसवून ठेवतो, रसाला जागाच मिळत नाही. मग रस असूनही पेशी मरतात."

"अवं, मंग विक्कीले टोच ना हा रस, बादलीभर!"

"तसा नाही देता येत, आजी. अंगभर परिणाम होतात. डॉक्टर दुसऱ्या गोळ्या देऊन राहिले, त्यांचा फायदा होईलच असंही नाही. काही बायांचेही डोळे जातात, अन् निम्म्या बाप्यांचे जातही नाहीत."

"माझा रस तं केव्हाच आटला. मी अजून सुईत दोरा ओवतो."

ती म्हणाली, "ते अजून कोणालाच पूर्ण माहीत नाही." एवढं शिकून माहीत नाही! मंग इतके दिवस करून काय राहिले हे लोकं?

जेवाच्या आधी तिनं त्या झाडावर माझ्या गोलात बारीक टिंब देलं. मंग शामलाच्या गोलात. मंग आपल्या स्वतःच्या गोलात. टिकलीसारखं साजरं दिसलं. मी उमरेडच्या स्थळाचा विषय काढला, पोरगा बँकेत आहे, तं ताटावरून उठूनच गेली. हिचेही नखरे कमी नाहीत.

४ मार्च, मंगळवार

वैभवीच्या मोठ्या मॅडम, डॉक्टर नंदिनी, घरी येऊन सगळ्यांचं रक्त घेऊन गेल्या. माझी नस सापडेना. तीनदा टोचलं. मी म्हटलं, "मॅडम, मिरच्या खुडायला येत जा, हात बसंल." हसल्या. रक्त शामलाचं, विक्कीचं, वैभवीचं अन् माझं. रोशनीनंही बाही वर केली, तं मॅडम म्हणाल्या, "तुझं नको बेटा, तुझा यात काहीच संबंध नाही."

रोशनी म्हणाली, "मॅडम, हे जरा मोठ्यानं सांगता का?"

मॅडमनं सांगितलं. पण कौतिकाबाई तेव्हा नव्हती ना ऐकाले.

९ मार्च, रविवार

जरीपटक्याच्या बाजारात गेली होती. भिवापुरी मिरचीचे ढीग लागले. अन् तिकडच्या कोपऱ्यात तीच. अंजनाबाई. दरवर्षी येते, सुती लुगडं, डोक्यावर पदर, पुढ्यात लालभडक ढीग. अख्ख्या बाजारात तिच्या मिरचीसारखी मिरची नाही, सगळे सांगतात. मले कसं माहीत असणार? मी दरवर्षी फळांच्या गल्लीतून वळसा घालून जातो अन् गुंटूरची घेतो. रंग ना वास. खाताना शामला बोंबलते.

आजही वळसाच घातला. पाय दुखून राहिले.

१५ मार्च, शनिवार

विक्कीचा उजवा डोळाही धुरकट झाला. धुळवडीच्या दिवशी पोट्टे रंग लावाले आले, तं म्हणे, "मले कोणता रंग लावला रे?" 

कौतिकाबाई आज गुळाच्या पोळ्या घेऊन आली, म्हणजे काहीतरी ठरवूनच आली. पोराचे दोन्ही डोळे गेले, आता तरी पाहा. शामला वैभवीची माय आहे, सगळं ऐकलेली, समजलेली. पण पोराच्या दुःखानं माणूस येडं होते. म्हणाली, "डोळे सुधरेपर्यंत जाऊ दे तिले माहेरी. तिचंही मन रमंल." विक्की भिंतीकडे तोंड करून बसला. भैय्याजीही असाच बसला होता, अगदी असाच.

रोशनीच्या बापाले, धम्मानंदले, फोन केला. तो तीस तारखेले, रविवारी, न्याले येणार. रोशनीनं बॅग काढली. मी म्हटलं, "अवं, ते मोजे तरी काढ आता, माहेरी हसतील."

तेव्हा ती म्हणाली, "आजी, कौतिका आत्या माझ्या पायांकडे पाहतात. मले नाही सहन होत."

बावीस दिवस मी थंडी समजून राहिली. एवढ्या म्हाताऱ्या बाईले एवढं समजू नये? अन् मले तं समजाले पाहिजे होतं, मीच अशी पाहत होती.

२२ मार्च, शनिवार

रिपोर्ट आला. विक्कीत आहे. शामलात आहे. माझ्यात आहे. मायनं मले देलं, मी शामलाले, शामलानं पोराले. गोलातलं टिंब म्हणजे हेच, आपले डोळे शाबूत, पण बिघाड पोटच्या पोरांले देणारी बाई. वैभवीले विचारलं, "तुझं?" म्हणे, "आईची चूल आहे ना आजी, माझीही तीच." अन् माझ्या हातचा चहा पिताना रडली. मी उगाच उमरेड-उमरेड करून राहिली होती. तिच्या मनात काय असंल ते आता समजलं तं थोडं समजलं. पुरतं नाही.

आता उमरेडचं नाव काढणार नाही. पोरगा बँकेत असला तरी.

२५ मार्च, मंगळवार

सरळ गेली. फळांच्या गल्लीतून नाही. 

अंजनाबाई मान वर न करता म्हणाली, "किती देऊ?"

मी म्हटलं, "अंजना, मी सिंधू."

"माहीत आहे. पन्नास वर्षांपासून तुह्या चपला पाहून राहिलो, त्या गल्लीत वळताना. गुंटूर खाऊन जीभ मेली असंल तुही."

मी तिथंच पोत्यावर बसली अन् सगळं सांगितलं. चुली, धूर, खुर्ची, टिंब. भरभर सांगितलं, बरंच चुकलं असंल. ती मिरचीचे देठ मोडत ऐकत राहिली. मंग म्हणाली, "म्हणजे तुह्या घरातून आलं होतं."

"हो."

"माह्या पायातून नाही."

"नाही."

"हे मले तेव्हाही माहीत होतं वं. तुले आज रिपोर्ट लागला." पुढं म्हणे, "तुह्या भावाले मी दोन महिने हात धरून फिरवलं. त्यानं एक शब्द नाही काढला तोंडातून. मेला तेव्हा कळवलंही नाही कोणी. रडाचं का नाही, ते मले ठरवू देलं असतं तुम्ही."

 मी तिचे पाय धराले वाकली, तं पाय मागं घेतले. "पायांचं कौतुक पुरे झालं. काय काम आहे ते बोल."

मी म्हटलं, "माझ्या घरून आणखी एक पोरगी ट्रंक घेऊन चालली. तुह्याच गावची. रविवारी."

ती तराजू उचलून मिरच्या तोलाले लागली. गिऱ्हाईक आलं होतं. मी एक किलो घेतली.

३० मार्च, रविवार

आज सगळ्यात आधी आली ते अंजनाबाई. सकाळी आठले, पिशवीत मिरच्या. शामलानं कोण म्हणून विचारलं तं म्हणे, "तुही मामी." शामलाच्या हातातलं भांडंच पडलं. मंग कौतिकाबाई, मंग धम्मानंद, भिवापूरहून, हातात टोपी घेऊन, जसा काही त्याचाच गुन्हा आहे.

चहा झाला. धम्मानंद म्हणाला, "बाई, नेतो मंग पोरीले." रोशनीची बॅग दारात. मोजे घातलेलेच.

मी उभी झाली. आयुष्यात बचत गटातही कधी उभं राहून बोलली नाही. म्हटलं, "पाय पाहाचे तं माझे पाहा. विक्कीचे डोळे माझ्याकडून गेले. माझ्या मायकडून मले आलं, माझ्याकडून शामलाले, तिच्याकडून त्याले. कागद आहे. ही अंजनाबाई माझ्या भावाची बायको. हिले मी पांढऱ्या पायाची म्हटलं अन् हाकललं. मी खोटं बोलली. त्या खोट्यापायी डॉक्टरले नाही म्हटलं, अन् पोरानं इतके वर्षं तंबाखू खाल्ली."

कौतिकाबाई म्हणाली, "पण सिंधूताई, योगायोग तं..."

अंजनाबाई म्हणाली, "योगायोगाले तुह्या घरी ठेव बाई. त्याले पाय नसतात."

कौतिकाबाई चूप! तीस वर्षांत पहिल्यांदा.

शामला रोशनीजवळ गेली. नुसता तिचा पदर नीट करत राहिली. धम्मानंदनं पोरीले विचारलं, "तुह्या मनात काय आहे, बेटा?"

रोशनी म्हणाली, "बाबा, हे मले आज पहिल्यांदा विचारलं कोणी." मंग विक्कीकडे पाहून म्हणाली, "उद्या आमचं बेस्याले काम आहे. पंधरा दिवसांपासून रोज रात्री यांनी मले सगळं तोंडी शिकवलं. मी तारा जोडतो, हे बाजूले बसून ओरडतात. लाल मले दिसते ना."

भिंतीकडं तोंड केलेला विक्की म्हणाला, "नीट दिसते तं मंग चुकते कशी? काल न्यूट्रलची तार उघडीच ठेवली." भैय्याजी हे बोलला नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी एवढं जरी बोललं असतं.

विक्कीचे डोळे आले नाहीत. येतील का ते वैभवीले माहीत नाही, मॅडमले माहीत नाही. खर्रा बंद आहे, आज नववा दिवस, अन् घरात सगळ्यांवर खेकसून राहिला. रोशनीनं बॅग आत ठेवली अन् मोजे काढून दोरीवर टाकले. धुतलेही नाही, तसेच टाकले. 

अंजनाबाई अन् धम्मानंद एकाच गाडीनं भिवापूरले गेले. जाताना मी तिले म्हटलं, "जेवून जा." म्हणे, "एका दिवसात जेवण-बिवण नाही होत, सिंधू." मंग चपला घालता घालता म्हणाली, धम्मानंदले घेऊन पुन्हा येतो, पण तेव्हा पाय धुवाले पाणी पुढं करशील तं खबरदार, तशीच सरळ तुह्या स्वयंपाकघरात येणार.

कधी ते विचारलं तं म्हणे, चौदा एप्रिल, जयंतीचा दिवस, सोमवार.